बद्द वाजणारं नाणं

आजोबा रुपया वाजवायला घ्यायचे तेव्हा पेढीवरचं बोलणं आपोआप थांबायचं. नाशिकच्या सराफ बाजारात एका पेढीवर ते पारखी म्हणून बसत. गिऱ्हाईक मोडीला राणीछाप रुपये घेऊन आलं, की एकेक रुपया अंगठ्याच्या नखावर घेऊन ते उडवत आणि समोरच्या काळ्या फरशीवर पडू देत. चोख रुपया पडला की बारीक, लांबत जाणारा सूर निघे आणि तो विरेपर्यंत आजोबा मान वर करत नसत. खोटा रुपया बद्द वाजे. 'बद्द' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. कुंभाराकडून मडकं घेताना आजी टिचकी मारून तोच शब्द वापरायची आणि एखाद्याच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही की आजोबाही तोच वापरायचे.

आपल्या भाषेत खरेपणा कानाने ओळखतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. नाणं खणखणीत असतं, व्यवहार वाजवून घ्यायचा असतो. हाच कान घेऊन मी इंग्लंडला आलो, रेडिंगला नोकरीला लागलो. गावापासून थोड्या अंतरावर सिल्चेस्टर आहे, रोमनांचं 'कालेवा'. तिथल्या उत्खननातल्या वस्तू रेडिंगच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. पावसाळी शनिवारी मुलाला घेऊन तिथे जायचो आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त वेळ काचेपाशी उभा राहायचो. रोमन चांदीचं वेड मला तिथे लागलं.

लंडनमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरतो. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दिवा, भिंग, कप्प्याकप्प्यांचे लाकडी ट्रे. तिथे पहिल्यांदा एक देनारियस माझ्या उघड्या हातात आला. रोमनांचं हे रोजच्या व्यवहारातलं चांदीचं नाणं, आकाराने आपल्या जुन्या चांदीच्या पावलीएवढं. गुप्तकाळातल्या लेखांमध्ये जो 'दीनार' भेटतो, तो शब्द याच देनारियसपासून आलेला. मी नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचार करायच्या आत ते माझ्या अंगठ्याच्या नखावर जाऊन बसलं.

टेबलामागच्या म्हाताऱ्या विक्रेत्याने झटकन आपला तळवा माझ्या हाताखाली धरला. "टाकू नका," तो म्हणाला, "फुटेल."

चांदी फुटते? त्याने खालच्या खणातून कागदाची पुडी काढली. आत एका देनारियसचे दोन तुकडे होते. कुणाच्या तरी हातून जमिनीवर पडून मोडलेले. तुटलेली कड मी भिंगाखाली पाहिली. करडी, रवाळ, फोडलेल्या खडीसाखरेसारखी. चांदीत मिसळलेलं थोडंसं तांबं शेकडो वर्षांत हळूहळू कणांच्या सीमांवर गोळा होतं, जमिनीतली ओल आणि क्षार त्याच सीमांमधून आत शिरतात, आणि वरून धडधाकट दिसणारं नाणं आतून ठिसूळ होतं. असं नाणं वाजवलं तर, फुटलं नाही तरी, बद्द वाजतं. म्हणजे आजोबांच्या फरशीवर हे अस्सल नाणं खोटं ठरलं असतं, आणि चांगल्या चांदीतलं कालचं बनावट नाणं खणखणीत वाजून पास झालं असतं. मी घरी परतलो तो आगगाडीत खिडकीशी गप्प बसूनच.

पुढे वाचनात एपिक्टेटस भेटला. हा तत्त्वज्ञ आधी गुलाम होता. माणसाने मनात येणाऱ्या विचारांची पारख कशी करावी हे सांगताना तो नाणं पारखणाऱ्याचा दाखला देतो. पारखी डोळे वापरतो, बोटं वापरतो, नाकसुद्धा वापरतो आणि शेवटी देनारियस खाली टाकून ऐकतो. एकदा ऐकून त्याचं समाधान होत नाही. ऐकून ऐकून तो गवयासारखा होतो. हे वाचताना मला ती काळी फरशी दिसली. आजोबांची रीत चुकलेली नव्हती. नाणं तरुण असताना ती रीत रोममध्येही हीच होती. तिथल्या पारख्यांना 'नुमुलारियस' म्हणत. पारखून झालेल्या नाण्यांची थैली मोहोरबंद केली की ते तिला हाडाची किंवा हस्तिदंताची बोटभर पट्टी बांधत. पट्टीवर पारख्याचं नाव, त्याच्या मालकाचं नाव, दिवस आणि एक शब्द असे: 'स्पेक्टावित'. पाहिलं. यातले बहुतेक पारखी गुलाम होते. त्यांच्यातल्या बहुतेकांची दुसरी कुठलीही खूण उरलेली नाही. आपण हे पाहिलं, एवढी एक साक्ष तेवढी उरली आहे. अशी एक पट्टी कधीतरी हातात घ्यायला मिळावी, ही माझी फार इच्छा आहे.

मी फसलो तो त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. हेड्रियन बादशहाने आपल्या साम्राज्यात खूप प्रवास केला आणि एकेका प्रांताच्या नावाने नाणी पाडली. त्यातलं इजिप्तचं देनारियस मला फार आवडतं. मागच्या बाजूला इजिप्त बाईच्या रूपात आरामात रेलून बसलेली, हातात खुळखुळ्यासारखं सिस्ट्रम, पायाशी आयबिस पक्षी. असं एक नाणं मला ऑनलाइन दिसलं. सुंदर होतं, काळपट झाकही होती, किंमत थोडी कमी होती. मी घेतलं. नाशिकला फोटो पाठवला. महिनाभर रोज रात्री ते काढून पाहायचो.

आधी संशय आला वजनाचा. ते २.७१ ग्रॅम भरलं. हेड्रियनच्या देनारियसला तीन ग्रॅमच्या बरंच वर जायला हवं. थोडं कमी भरणारी अस्सल नाणीही असतात, म्हणून मी मनाची समजूत घातली. मग भिंग घेऊन अक्षरं पाहिली. ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षराच्या पायथ्याशी कड धारदार असते. घणाच्या एका घावात धातू ठशाच्या कोपऱ्यात जोराने घुसलेला असतो, आणि अक्षरांपासून कडेकडे धातू वाहिल्याच्या बारीक रेषा दिसतात. माझ्या नाण्याची अक्षरं ऊन लागलेल्या मेणासारखी गोलसर होती. बाईच्या गुडघ्याजवळ दोन बारीक पुटकुळ्या होत्या. साच्याच्या मातीत हवेचा बुडबुडा राहिला की ओतीव नाण्यावर तशी पुटकुळी उठते. कडेवर कानशीचे एका दिशेने गेलेले ओरखडे होते. ओतकामाची शिवण घालवायला कुणीतरी कड घासली होती.

तरीही मला ते खोटं म्हणवत नव्हतं. शेवटी जुन्या लिलावांचे आणि विक्रीचे फोटो चाळता चाळता एका रात्री मला त्याचं जुळं सापडलं. कडेला घड्याळात चार वाजतात त्या जागी तीच चीर. बादशहाच्या गालावर तोच तिरपा ओरखडा.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रोमन टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि वरचा ठसा हातात धरलेला. मधे चांदीची चकती, वरून घण. एका ठशाने हजारोंनी नाणी पडत, त्यामुळे एका ठशाची दोन नाणी आजही भेटतात. त्यांचा चेहरा एक, अक्षरांची मांडणी एक. पण प्रत्येक चकती वेगळी, प्रत्येक घाव वेगळा. एकात चेहरा डावीकडे सरकलेला, दुसऱ्यात अक्षरं कापली गेलेली, तिसऱ्याची कड घावाने फाटलेली. आणि पुढे हातोहात फिरताना लागलेले ओरखडे तर ज्याचे त्याचेच. सख्ख्या भावंडांचा चेहरामोहरा सारखा असेल, पण दोघांच्या गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा व्रण एकाच जागी, एकाच आकाराचा कसा असेल? दोन नाण्यांचा अपघात एकच निघाला, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत, किंवा त्यातलं एक दुसऱ्याची नक्कल आहे. तेव्हापासून नवीन नाणं हातात आलं की मी त्याचं सौंदर्य नंतर पाहतो. आधी त्याचे दोष पाहतो, आणि ते दोष फक्त त्याचेच आहेत ना, हे शोधतो.

विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. पैशांपेक्षा जास्त लागलं ते बाबांना फोनवर सांगणं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कड पाहिली होतीस का?" आजोबा वाजवायच्या आधी रुपया कडेवर फिरवून कंगोरे पाहत, कुणी घासून चांदी काढली आहे का म्हणून. ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. माझ्या लक्षात राहिला तो फक्त आवाज.

ओतलेली नक्कल शेवटी सापडते. खरी धास्ती ठोकून पाडलेल्या नकलेची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा माणूस होऊन गेला. तो स्वतः ठसे कोरायचा, चांगली चांदी वापरायचा आणि हाताने नाणी पाडायचा. वजन बरोबर, धातू बरोबर, कड बरोबर. नव्या नाण्यांची चमक घालवायला तो ती लोखंडाच्या किसात आणि तेलकटात घोळवून एका पेटीत भरायचा, पेटी घोडागाडीला बांधायचा आणि गाडीतून फेरफटका मारून यायचा. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहात जपून ठेवलेले आहेत. बेकरची नाणी ओळखायची तर शैली वाचता यायला हवी. रोमन कारागीर अक्षराचा दांडा कसा ओढत असे, केसांच्या बटा कशा टाकत असे, हे हजारो नाणी पाहून डोळ्यांत मुरतं. बेकरचा हात फार कुशल होता, पण तो एकोणिसाव्या शतकातला हात होता. त्याच्या रोमन चेहऱ्यांत कुठेतरी त्याचा स्वतःचा काळ डोकावतो. हे मला अजून नीट दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांच्या शेजारी बसून मी शिकतो आहे.

वजनाचं मात्र मला लवकर जमलं, कारण ते घरातलं होतं. आजोबांचं माप तोळा, मासा, गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. राणीछाप रुपया एक तोळा, पावली तीन मासे. देनारियस सुरू झाला इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजशी युद्ध चालू असताना, तेव्हा तो साडेचार ग्रॅमच्या आसपास होता. लवकरच तो एका रोमन पौंडात ८४ या हिशेबावर स्थिरावला, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. आपले बरोब्बर चार मासे. इ.स. ६४ मध्ये नीरोने एका पौंडात ९६ पाडायला सुरुवात केली, शिवाय चांदीतही भेसळ वाढवली. ३.४ ग्रॅम, साडेतीन मासे. ज्या दिवशी हे कागदावर मांडलं त्या दिवशी रोमन चांदी मला एकदम ओळखीची वाटायला लागली. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली, आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तर तांब्याच्या नाण्याला वरून चांदीचा हात दिलेला, एवढंच उरलं. म्हणून वजन आणि रंग पाहताना बादशहा कोण, हे आधी विचारावं लागतं. सेव्हेरसच्या नाण्यात ऑगस्टसची शुभ्र चांदी दिसली, तर तीही शंकेची जागा असते.

पेलाभर पाण्याचा प्रयोगही मी करतो. नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवून पुन्हा वजन घ्यायचं. शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहापट जड, तांबं नऊपटीला जरा कमी. आत काय आहे याचा अंदाज येतो. पण शिसं अकरापटीहून जड असल्यामुळे तांबं आणि शिसं मिसळून कुणी चांदीचा आकडा गाठू शकतो. एकेकटी परीक्षा फसते. वजन, कड, अक्षरं, पृष्ठभाग, शैली, सगळ्यांची साक्ष जुळली तरच मी नाण्यावर विश्वास ठेवतो, आणि एक साक्षीदार जरी अडला तरी थांबतो.

खोट्या नाण्यांमधला एक प्रकार मात्र मी मुद्दाम जमवतो. आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा असलेली ही नाणी रोमन काळातल्याच भामट्यांची आहेत. माझ्याकडच्या एकाला बादशहाच्या नाकाशी पापुद्रा सुटला आहे आणि आतलं तांबं हिरवं पडलं आहे. दुसऱ्याच्या कडेला छिन्नीचा खोल घाव आहे. कुणा सावकाराला शंका आली, त्याने घाव घातला, आत तांबडं दिसलं. तो क्षण तसाच राहिला आहे. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे की त्याच्या काळी लोक खोटा देनारियस नमुना म्हणून अभ्यासत आणि एका खोट्यासाठी अनेक खरे मोजत. या भामट्यांपायी लोकांनी केवढं सोसलं असेल! इ.स.पू. ८५ च्या सुमारास मारियस ग्रातिदियानस या अधिकाऱ्याने देनारियस पारखण्याची पद्धत लागू केली, तर लोकांनी रोमच्या गल्लीगल्लीत त्याचे पुतळे उभारले. नाणी तपासून दिली म्हणून पुतळे. हातावर पोट असणाऱ्याला दिवसाच्या कमाईत एक खोटं नाणं मिळणं म्हणजे काय, हे त्या पुतळ्यांवरून कळतं. पुढे रोमचा हुकूमशहा सुल्ला याच्या माणसांनी त्याला हालहाल करून मारलं. सीमेपलीकडच्या जर्मन टोळ्यांबद्दल रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, की त्यांना जुनी, ओळखीची, कडेला दाते पाडलेली नाणी आवडत. दाते पाडले की आतला धातू दिसतो, असा त्यांचा विश्वास असावा. पण दात्यांची मुलाम्याची नाणीही सापडली आहेत.

आता स्थितीबद्दल. बाजारात नाण्याला 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रीमली फाईन' अशा पायऱ्या असतात आणि एका पायरीने किंमत दुप्पट-तिप्पट होते. नवशिका सगळ्या अस्पष्टपणाला झीज म्हणतो. तसं नसतं. हाताळून झिजलेल्या नाण्यात आधी उंच जागा जातात: कानावरचे केस, गालाचं हाड, मागच्या देवतेचा गुडघा. त्या जागा गुळगुळीत, साबणाच्या वडीसारख्या होतात. घाव कच्चा पडला असेल तर तीच जागा सपाट दिसते, पण खरखरीत असते आणि आजूबाजूची खोलगट जागा ताजी असते. ठसाच वापरून थकला असेल तर अक्षरांना कडेकडे शेपट्या फुटतात. पहिलं दुखणं नाण्याच्या आयुष्याचं, दुसरं त्याच्या जन्माचं, तिसरं त्याच्या आईचं म्हणा. तिन्हींना एकच दर्जा देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

आणि रंग. मातीतून निघालेली चांदी करडी, कधी भोकाभोकांची असते. ती ॲसिडात घालून पांढरीफेक केली की नवखं गिऱ्हाईक भुलतं, पण नाण्याची कातडी गेलेली असते. जुन्या संग्रहातल्या लाकडी खणात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या नाण्यावर जी राखाडी-जांभळी झाक चढते, ती हवेतल्या गंधकाची, अगदी हळू. तिला मी हात लावत नाही.

माझ्याकडचं सगळ्यात प्रिय नाणं या पायऱ्यांवर अगदी तळाला बसतं. ॲक्टियमच्या लढाईआधी, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, रोमन सेनापती मार्क अँटनीने आपल्या सैन्याच्या पगारासाठी भरमसाट देनारियस पाडले. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांमध्ये गरुड आणि पलटणीचा आकडा. त्यांत चांदी कमी आहे, असा त्यांचा लौकिक होता. अँटनी हरला, मेला. नाणी फिरत राहिली. चांगली चांदी लोकांनी पुरून ठेवली किंवा वितळवली, नीरोने दर्जा उतरवल्यावर तर जुनं चोख नाणं कोण खर्च करणार? अँटनीची कमी चांदीची नाणी मात्र कुणी दडवली नाहीत, आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ ती या हातातून त्या हातात जात राहिली. तिसऱ्या शतकात पुरलेल्या साठ्यांमध्येही ती मिळतात. माझ्या नाण्यावर जहाजाची वल्ही चार-पाच रेषांएवढी उरली आहेत. गरुड गेलाच. पलटण सहावी, सातवी की आठवी, सांगता येत नाही. असं झिजणं कुणाला खोटं करता येत नाही, निदान इतक्या कमी किमतीसाठी कुणी करणार नाही. दोनशे वर्षं किती बोटांनी ते मोजलं असेल!

अंगावरच्या खुणांबद्दलही माझं मत असंच बदललं. आजच्या तुर्कस्तानातल्या एफेससला व्हेस्पेशियन बादशहाच्या काळात जुन्या, झिजलेल्या देनारियसवर त्याच्या नावाचा छोटा शिक्का मारून ते पुन्हा चलनात आणले गेले. नाण्यावर वार, म्हणून काही जण ते दोषात धरतात. पण मी नाशिकचा. आमच्या जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे शिक्के उठवले होते. राजाच्या चेहऱ्यावरच चैत्याची खूण. ते नुकसान आहे असं आमच्याकडे कोण म्हणेल? तोच तर पुरावा, की इथे एक राज्य गेलं आणि दुसरं आलं. नहपानाच्या नाण्यावरचा तो मानेपर्यंतचा चेहरा पाहताना रोमन देनारियस आठवतो, आणि भोवतीची ग्रीक अक्षरं पाहून कळतं की कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. त्या काळी ऑगस्टस आणि टायबेरियसचे देनारियस दक्षिणेत इतके येत होते, की तेलंगणातल्या एकट्या अक्कनपल्लेच्या साठ्यात दीड हजारांवर निघाले. त्यांच्या इथेच पाडलेल्या नकलाही मिळतात, अडखळत्या अक्षरांच्या. प्लिनी सांगतो की सिंहलद्वीपाच्या राजाने रोमन नाणी पाहिली तेव्हा त्याला एका गोष्टीचं नवल वाटलं: चेहरे वेगवेगळ्या राजांचे, पण वजन सगळ्यांचं सारखं. त्याने त्यावरून रोमनांना सचोटीचे ठरवलं. हे नीरोच्या आधीचं.

नाणं खरं आणि त्याची कागदपत्रं खोटी, असंही घडतं. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मधे मुक्त गुलामाची टोपी असलेलं नाणं पाडलं. त्याचं एक सोन्यातलं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. पुढे त्याचा पूर्वेतिहास बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. तेव्हापासून नाणं कुठून आलं हे सांगता येत नसेल, तर कितीही आवडलं तरी मी उठतो. चोरून उकरलेल्या जमिनीत नाण्याबरोबर आणखी काय होतं, ते कायमचं गेलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला आईबाबा रेडिंगला आले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आलो तर तबकात आजोबांच्या दोन राणीछाप रुपयांशेजारी माझं अँटनीचं देनारियस होतं, लख्ख पांढरं. आईने दुपारी सगळी चांदी रांगोळीने घासली होती. कपाटात ट्रेमध्ये हे एक काळं पडलेलं दिसलं, म्हणून तेही घेतलं. "किती मळलं होतं रे," ती म्हणाली, "लक्ष्मीपुढे असं ठेवतात का?" मी भिंग आणलं. जहाजाच्या अंगावर केसासारखे बारीक ओरखडे होते, चक्राकार, तिच्या बोटांच्या फिरण्याच्या दिशेने. झाक पार गेली होती. मला वाईट वाटलं आणि मी तिला ते सांगितलंही. घरात ते लपवण्यात अर्थ नव्हता. ती कावरीबावरी झाली. पण नंतर पूजा सांगताना समईच्या उजेडात ते नाणं पाहत होतो, तेव्हा मनात आलं की दोनशे वर्षं त्याला अशाच बोटांनी घासलं आहे. आईची बोटं त्यातली शेवटची. झाक परत येईल. दोन वर्षं झाली, कडेला अक्षरांच्या खाचांमध्ये ती धरायला लागली आहे.

पूजा झाल्यावर बाबांनी तबकातून ते उचललं. बाबांनी सराफी केली नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पण लहानपणी आजोबा त्यांना पेढीवर बसवून डोळे मिटायला लावत आणि तळव्यावर चांदीचे तुकडे ठेवून वजन विचारत, हे मी ऐकून होतो. बाबांनी नाणं उलटंपालटं केलं, कड डोळ्यांजवळ नेऊन सगळीकडून फिरवली. मग ते त्यांच्या अंगठ्याच्या नखावर गेलं. मी पुढे होऊन त्यांच्या हाताखाली तळवा धरला.

"वाजवू नका बाबा. जुनी चांदी आहे, फुटते."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं. मग मूठ मिटली, डोळे मिटले, आणि हात दोनदा अलगद वरखाली केला.

"पावलीपेक्षा जड," ते म्हणाले. "साडेतीन मासे."

मी काटा आणला. त्यावर ३.३८ आलं.